मनुबाईचं परस्थान

मनुबाई बोटीत चढली ती ऑगस्टात, पण गल्लीच्या हिशेबानं ती जूनच्या सुरुवातीलाच आयर्लंडला गेली होती. मधले सगळे दिवस ती माझ्या घरात राहत होती. गल्लीच्या पलीकडे तिचं स्वतःचं घर होतं. तिथं तिची चूल, तिची सासू, तिची पोरगी, आणि त्या घरात पाऊल टाकायची तिला बंदी. कुणालाही वाटेल की सासूनं हाकललं असणार. तसं असतं तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण सासूनं तिला ओटी भरून, हातावर दही घालून, डोळे पुसत बाहेर पाठवलं होतं. मायेपोटी केलेल्या अशा गोष्टीशी भांडायचं तरी कसं, हाच माझा त्या पावसाळ्यातला वैताग.

ही सदुसष्ट सालची सांगलीतली गोष्ट. मी नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण, वडील गेल्यापासून दोन खोल्यांत एकटीच राहणारी. गल्लीतली सगळी पत्रं मी लिहायची आणि मीच वाचून दाखवायची. त्यामुळे लीलाबाई हे माझं नाव मागं पडलं होतं आणि लहानमोठे सगळे मला मास्तरीण म्हणत.

समोरची सासू म्हणजे बायडाबाई, मूळची औंधाजवळच्या एका खेड्यातली. तिचा नवरा हिंदुराव पलटणीत होता. दुसऱ्या महायुद्धात तो सुट्टीवर आलेला असताना माघारी बोलावल्याची तार आली आणि तो भरल्या ताटावरून उठून गेला. गेला तो इटलीला. परत आली ती पेन्शन. बायडाबाईचं यावर एकच म्हणणं होतं आणि ते तिनं कधी बदललं नाही. "येळ बघितली न्हाई, परस्तान ठिवलं न्हाई. जेवान सोडून गेल्यालं मानूस माघारी कसं यील?"

परस्थान म्हणजे काय हे आता सांगावंच लागतं. निघायचा दिवस पंचांगात वाईट असेल, तर त्याआधीच्या चांगल्या दिवशी तांदूळ, सुपारी आणि हळकुंड एका फडक्यात बांधायचं आणि ते गाठोडं शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे माणूस निघालं. मग खरोखरचं जाणं कोणत्याही दिवशी होऊ दे, देवाच्या दफ्तरी त्याचं निघणं चांगल्या वेळेचं. देवाला फसवायची इतकी सोपी युक्ती दुसरी नसेल. आमच्याकडे लोक गाठोडं ठेवतात आणि खुशाल आपल्या घरी जाऊन जेवतात, झोपतात. बायडाबाईला ही असली पळवाट मान्य नव्हती. तिचं म्हणणं, निघालेल्या माणसानं परत उंबऱ्यात पाऊल टाकलं की निघणं मोडलं.

नवऱ्यामागं तिनं मानसिंगला सांगलीत आणून शिकवलं. तो डॉक्टर झाला. खंडाळ्याकडची, सातवी पास झालेली मनुबाई त्याला केली. मनुबाई दिसायला साधी, पण पायाला भिंगरी. बसून भाजी निवडणं तिला जमायचं नाही. उभ्यानं निवडायची, निवडता निवडता दारापर्यंत जायची, गल्लीत कोण आलं कोण गेलं बघून परत चुलीपाशी. बायडाबाई म्हणायची, "मने, तुझ्या पायाला खिळा ठोकाय पायजे." ती हसायची आणि परत दारात यायची. मला ती फार आवडायची.

पासष्ट साली मानसिंग पुढच्या शिक्षणासाठी आयर्लंडला गेला. गावाचं नाव गॉलवे. समुद्रकाठचं लहानसं शहर आहे, आपल्या सांगलीपेक्षाही छोटं, पाऊस मात्र आपल्या दसपट, असं त्यानं लिहिलं होतं. तिथल्या इस्पितळात नोकरी लागल्यावर त्यानं मनुबाई आणि छोटी शालन अशा दोघींची बोटीची तिकिटं पाठवली. शालनला तेव्हा चौथं वर्ष लागलं होतं.

तिकिटं आली त्याच दिवशी बायडाबाई तिसऱ्या प्रहरी माझ्याकडे आली आणि उंबऱ्यावर बसली. "मानसिंगला लिवा. बायकूला धाडती. पोरगी हितं ऱ्हाईल."

"का म्हणून?" मी विचारलं.

"समदीच गेली तर माघारी कशापायी येतील? पोर हितं आसली की दोगं बी येतील."

मी तिला बोलायला कमी केलं नाही. पोरगी म्हणजे काय अनामत ठेवलेली वस्तू आहे का, असंही म्हणाले. ती शांतपणे म्हणाली, "मास्तरीण, तुमचं कोन दर्यापल्याड गेलंय?" माझं कुणी गेलं नव्हतं. मी पत्र लिहिलं. मानसिंगचं उत्तर आलं की आई म्हणते तसं करा, दोन वर्षांचाच प्रश्न आहे. आईसमोर तो इथं असतानाही असाच गप्प बसायचा. आणि मनुबाईनंही मान हलवली. नवऱ्याला बघून दोन वर्षं झाली होती, तिचे पाय केव्हाच निघाले होते. शालन तशीही आजीपाशीच झोपती, असं तिनं मला सांगितलं आणि लगेच ट्रंकेचं कुलूप पुन्हा एकदा उघडून बघितलं.

बोटीच्या दिवशी अमावास्या येत होती. त्याआधीच्या चांगल्या दिवशी सकाळी बायडाबाईनं गाठोडं बांधलं, माझ्या घरातल्या कोनाड्यात आणून ठेवलं, आणि मागोमाग मनुबाईला ट्रंकेसकट माझ्याकडे आणून सोडलं. दोन दिवसांत मिरजेहून गाडी धरायची होती. तेवढ्यात रेडिओवर लढाईची बातमी आली. तिकडं अरबांचं आणि इस्राएलचं जुंपलं आणि सुएझचा कालवा बंद झाला. मुंबईच्या एजंटाची तार आली की बोट सुटत नाही, पुढचं कळवू. कुठला तो कालवा, आणि त्याच्यापायी सांगलीतली एक बाई रस्त्याच्या अलीकडे अडकली.

"आता घरी जा बाई," मी मनुबाईला म्हटलं.

ती निघालीही. समोरच्या ओट्यापर्यंत गेली तर दारात बायडाबाई आडवी. "आत न्हाई यायचं. गेलीस म्हंजे गेलीस. परस्तान मोडलं तर मानसिंगला भवतंय."

मनुबाई थोडा वेळ पावसात उभी राहिली आणि परत आली.

पहिले काही दिवस गंमतच वाटली. शालन दिवसभर दोन्ही घरांत नाचायची. बायडाबाई भाकरी करायची आणि ताट झाकून माझ्या दारात आणून द्यायची, स्वतः मात्र आत यायची नाही. निघालेल्या माणसाशी फार बोलू नये म्हणे. मनुबाईची पायपीट माझ्या दोन खोल्यांत सुरू असायची. दार, मोरी, खिडकी, पुन्हा दार. मी शाळेच्या वह्या तपासत बसले की तिची सावली वहीवरून जायची आणि यायची. एकदा मी ओरडले, "अगं, एका जागी टेक की!" तर म्हणाली, "कुटं टेकू बाई? हितं माझं न्हाई, तितं मी न्हाई, आन तिकडं बोट न्हाई."

जुलै लागला. कृष्णा घाटाच्या पायऱ्या गिळून वर आली. एजंटाला तारा गेल्या, उत्तर एकच, थांबा. गुरवाला विचारलं तर तो म्हणाला, परस्थानाची मुदत केव्हाच संपली. भटजी म्हणाले, गाठोडं हललं नाही तर संपत नाही. बायडाबाईनं अर्थातच भटजींचं ऐकलं. गल्लीतल्या बायका मनुबाईला विचारायच्या, "अजून हितंच व्हय?" रोज तेच. चार दिवसांनी ती दारात यायची बंद झाली. दारात न येणारी मनुबाई मी पहिल्यांदाच बघत होते आणि मला ते सोसेना.

त्यात बायडाबाईनं शालनला इकडं येऊ द्यायचं कमी केलं. म्हणाली, पोरीला सवय लागू दे, आज ना उद्या जायचंच हाय. पोरगी सुरुवातीला रडली. आजीच्या कडेवरून माझ्या खिडकीकडे हात करून रडायची, आणि इकडे मनुबाई गजाला कपाळ लावून उभी. मग शालनचं रडणं थांबलं. पोरांचं तसंच असतं, ती थांबतात. मग ती अंगणात एकटी खेळायला लागली, आजीच्या पदराला धरून फिरायला लागली. आणि एक दिवस तिनं आजीला "आई" म्हणून हाक मारली. बायडाबाईनं ओ दिली. मुद्दाम दिली की सवयीनं, मला सांगता येणार नाही.

आणि आईला ती "मने" म्हणायला लागली. आजी म्हणते तशी. रस्त्यापलीकडून, शेजारणीला हाक मारावी तशी, "ए मने!"

ऑगस्टाच्या सुरुवातीची गोष्ट. मी शाळेतून येत होते आणि मनुबाई माझ्या पायरीवर दळणाचा डबा घेऊन उभी होती. शालन गल्लीच्या मधोमध पळत आली आणि शेवाळावरून घसरून पडली. गुडघा चांगला फुटला. मनुबाईनं डबा टाकला आणि दोन्ही हात पसरून खाली बसली. पोरगी उठली, भोकाड पसरलं, आईकडे बघितलं, आणि तिला वळसा घालून समोरच्या घरात पळाली. "आई गं, आई गं," करत आजीच्या मांडीत शिरली.

मनुबाई हात पसरून तशीच बसलेली. दळणाच्या डब्यातून ज्वारी गल्लीत सांडत होती. मला कुणाकडे बघावं ते कळेना.

मग ती उठली आणि गल्ली ओलांडून ओट्याखाली उभी राहिली. "आत्याबाई, पोर द्या माझी."

"तू गेलीयास," बायडाबाई आतून म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "गेल्याल्या मानसानं मागायचं नसतंय."

मनुबाईनं चपला काढल्या, ओटा चढली, उंबरा ओलांडला आणि सरळ आत गेली. गल्लीतल्या चारदोन बायांनी तोंडावर हात ठेवले. मी मागोमाग धावले. मनुबाईनं पोरीला उचललं नाही. ती चुलीपाशी बसली, शिळी भाकरी ओढून घेतली आणि खायला लागली. निघालेल्या माणसानं आपल्या घरात परत अन्न खाल्लं, आता मोडायचं ते सगळं मोडलं. बायडाबाई भिंतीला टेकून बसली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला त्या घडीला तिची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला.

"आता हुं दे काय व्हायचं त्ये," मनुबाई म्हणाली. "जायचं तर पोर संगं नेईन. न्हाईतर मी बी न्हाई जात. तुमच्या लेकाला कळवा, बायकू हितंच हाय."

भाकरी संपली. ती उठली, शालनच्या गुडघ्याला हळद लावायला गेली, पोरगी आजीला आणखी बिलगली.

दोन दिवस गेले. आणि नेमकी तेव्हाच एजंटाची तार आली की बोट आफ्रिकेला वळसा घालून जाणार आहे, ताबडतोब निघा. आता परस्थान पुन्हा ठेवणं भाग होतं. मोडलेल्या परस्थानावर सुनेला दर्यात सोडणं बायडाबाईच्या हातून होणारच नव्हतं. भटजींना बोलावलं. त्यांनी पंचांग मांडीवर घेऊन विचारलं, "किती माणसांचं?"

"दोन," मनुबाई म्हणाली.

भटजींनी बायडाबाईकडे बघितलं. मग डब्यातून दोन सुपाऱ्या काढून तिनं भटजींपुढं ठेवल्या आणि शालनचं एक झबलं फाडून त्याचं फडकं केलं. "नीट बांदा," एवढंच म्हणाली.

मिरजेच्या स्टेशनावर बायडाबाई आली नाही. मी गेले होते. शालन खिडकीपाशी दोन्ही पाय झाडत रडत होती, "आईकडं जायचं, आईकडं जायचं," आणि मनुबाई तिला घट्ट धरून बसली होती. डब्यातली माणसं चमत्कारिक नजरेनं बघत होती. त्यांना वाटलं असेल, ही बाई कुणाची तरी पोर पळवून नेते आहे.

गॉलवेहून पहिलं निळं पत्र दिवाळीच्या सुमारास आलं. मनुबाई पत्रातही एका जागी ठरत नव्हती, एका ओळीत समुद्र तर दुसऱ्या ओळीत मीठ. घर दुकानाच्या वर आहे, दोन खोल्या. पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो, छत्री उलटी करून जातो. धुतलेलं लुगडं वाळायला आठवडा लागतो. लोक चुलीत वाळवलेल्या काळ्या चिखलाच्या विटा घालतात, त्याचा वास आपल्या गोवरीच्या धुरासारखा येतो, त्या वासानं पहिल्या दिवशी मी रस्त्यात उभी राहून रडले. इथं बटाटा भाजीत मोजत नाहीत, तीच भाकरी. माणसं भली आहेत, देवभोळी आहेत, आणि आपल्या गल्लीसारखीच दुसऱ्याच्या पिशवीत डोकावतात. लुगड्यावर ह्यांचा जुना ओव्हरकोट घालून मी बाजारात जाते, सगळे वळून बघतात. ह्यांची ड्यूटी रात्रंदिवस. मी खोलीत फिरते, मग खाली उतरून समुद्रापर्यंत जाते, मग परत येते. शालन बरी आहे. बायडाबाईनं "शालन बरी आहे" ही ओळ माझ्याकडून तीनदा वाचून घेतली.

दुसरं पत्र डिसेंबरात आलं, भूकंपानंतर. कोयनेला पहाटे जमीन हलली तेव्हा सांगलीत भांडी पडली, भिंतींना तडे गेले, आणि त्यानंतर कितीतरी दिवस माणसं घरात जायला भीत होती. बायडाबाईनं चूल ओट्यावर आणून मांडली होती. तिथंच बसून मी तिला पत्र वाचून दाखवलं. मनुबाईनं भूकंपाचं तिकडच्या रेडिओवर ऐकलं होतं, सगळ्यांची खुशाली विचारली होती. मग लिहिलं होतं:

"शालन मला अजून आई म्हणत नाही. ह्यांना बाबा म्हणते. मला मने म्हणते. समुद्रावर नेलं की कठड्याला धरून उभी राहते आणि विचारते, आईची बोट कधी येणार. मी जवळ घेतलं की अंग आखडते. रोज वाटतं, आज म्हणेल. आमची घरमालकीण म्हणते, धीर धर. तिनं सांगितलं, पूर्वी इथलं कुणी अमेरिकेला निघालं की घरची माणसं आदल्या रात्री मढ्यापाशी बसल्यासारखी बसत आणि रडून घेत. परत येणार नाही हे धरूनच चालत. मला ते ऐकून अंगावर काटा आला. आत्याबाईंना सांगू नका. मी चुकले का, बाई? तिला तिथंच ठेवायला हवं होतं का?"

"सांगू नका" हे शब्द माझ्या तोंडून निघून गेल्यावर मला कळले. बायडाबाई फुंकणी हातात धरून बसली होती.

"तितल्या मानसास्नी कळतंय म्हनायचं," ती म्हणाली.

मी कागद घडी करायला लागले. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. आत्ताच उत्तर लिवा."

मी आतून दौत-लेखणी आणली. ती चुलीकडे बघत सांगत गेली. "मने, तू चुकली न्हाईस. आसं लिवा. पोरीला सांग, म्हातारी मेली. भुईकंप झाला आन भित पडून मेली."

मी लेखणी खाली ठेवली. "काकू, काहीतरीच काय!"

"लिवा. मानसिंगला खरं सांगाय सांगा, त्यो जिवाला लावून घील. पर पोरीला आसंच सांगाय सांगा. एकदा रडंल. मग तिला हाक माराय दुसरं कोन ऱ्हातंय? आईलाच आई म्हनंल."

"अहो, तुम्ही तिला ठेवून घ्यायला निघाला होता. पोर इथं असली की सगळी परत येतील म्हणत होता."

"व्हय," ती म्हणाली. "तवा मला वाटलं, पोर आपल्याकडं आसली की झालं. पर पोर आईला वळसा घालून हितं बी पळाली, आन तिकडं बी अंग चोरतीया. म्या बघितलं की त्ये. दोन डोळं हायत मला."

मी लिहिलं. लिहिताना कागदावर शाईचा डाग पडला. तिनं तसाच चालेल म्हणून सांगितलं. शेवटी तिचा अंगठा घेतला. तिचा हात थंडगार होता, चुलीपाशी बसूनही.

"आणि काकू," मला राहवलं नाही, "चारदोन वर्षांनी शालन परत आली, दारात उभी राहिली, तर तिला काय सांगायचं?"

बायडाबाईनं चुलीतलं लाकूड आत सारलं.

"सांगू की, म्हातारी खोटं बोलली म्हनून," ती म्हणाली. "पर येऊ दे तर आदी."